त्सियालाच्या अंगणातला बिंदू

रिओनीच्या वरच्या खोऱ्यात, सकाळी सहाला,
आम्ही एक टर्बाइन घेऊन चढत होतो.
एकशे चाळीस टन. ताशी दोन किलोमीटर.
एक गाय आम्हाला मागे टाकून गेली
आणि गोचाने टोपी काढून तिला वाट दिली.

चोवीस चाकं. प्रत्येकाची मोटर वेगळी,
प्रत्येकाचं मत वेगळं.
मी त्यांची मतं जुळवते, हाच माझा धंदा.
लोकांना वाटतं, पुढच्याने वळायचं, मागच्याने मुकाट यायचं.
तसं नसतं.
प्रत्येक चाकाच्या आसातून एक रेषा काढा,
लांबवत न्या रस्त्याबाहेर, कुंपणापलीकडे.
चोवीस रेषा एका ठिपक्यात भेटायला हव्यात.
तो ठिपका गाडीवर नसतो.
कधी अक्रोडाखाली पडतो, कधी नदीत,
एकदा तर कुणाच्या तरी थडग्यावर.
आम्ही त्याच्याभोवती फिरत असतो
आणि तिथे काहीच नसतं.
सरळ रस्त्यावर तो इतका लांब जातो
की मी त्याचा नाद सोडते.

तिसऱ्या वळणावर सतरावं चाक अडलं.
अकरा अंशांवर, थिजल्यासारखं.
पडद्यावरचा त्याचा चौकोन लाल झाला.
"मी कुतैसीतच म्हणालो होतो," गोचा म्हणाला.
तो पावसाबद्दलही हेच म्हणतो.

उजवीकडे दरी. खाली नदीचा आवाज.
चाक उचलून अधांतरी धरावं,
तर त्याचा भार शेजाऱ्यांवर जाणार,
आणि या चढावर शेजारी आधीच वाकलेले.
माझ्या हाताला घाम, रिमोटच्या कडा बुळबुळीत.

तिबिलिसीत, गळक्या खिडकीशेजारच्या टेबलावर
मेराब मला चालणारं यंत्र काढूच द्यायचे नाहीत.
"मोडलंय असं धर," म्हणायचे,
"आणि तिथून सुरुवात कर."
दोन वर्षं मी मोडकी यंत्रं काढली.
आई फोनवर विचारायची, काही बनवलंस का गं?

आता ती दोन वर्षं
चार सेकंदांत उलगडत होती.
यंत्राने सतराव्याला सरळ करायचा हट्ट धरला नाही.
त्याला झटका दिला नाही, बाजूलाही काढलं नाही.
एवढंच पाहिलं:
तू जिथे अडलास, तिथून तुझी रेषा कुठे जाते?
ती रेषा धरली. तिच्यावरच एक नवा ठिपका निवडला.
मग उरलेली तेवीस चाकं
कुरकुरत, एकेक करून,
तिकडे वळली.

आणि सतरावं,
तसूभरही न हलता,
बरोबर ठरलं.

गाडी निघाली. किंचित तिरकी, खेकड्यासारखी,
दरीच्या कठड्याशी एक वीत अंतर ठेवून.
वळण आवळत गेलं तसा ठिपका
त्याच एका रेषेवरून सरकत अलीकडे आला,
कोंबड्यांमधून, सरपणाच्या ढिगातून,
आणि एका अंगणात थांबला.

तिथे एक बाई तांब्याचं पातेलं घासत होती.
पाठमोरी. काळा रुमाल, कोपरापर्यंत राख.
एकशे चाळीस टन लोखंड तिच्याभोवती फिरत होतं,
तीन खेड्यांचा उद्याचा उजेड तिच्याभोवती फिरत होता,
आणि ती तळाचा एक डाग खरवडत होती.
पडद्यावर ठिपका होता, समोर ती होती.
मी आलटून पालटून पाहत राहिले.
हलू नका, असं ओरडावंसं वाटलं.
ती हलली असती तरी काही बिघडणार नव्हतं,
हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

वळण संपलं. ठिपका उडाला,
टेकडीमागे कुठेतरी गेला.
सपाटीवर आम्ही पाचर लावून थांबलो.
गोचा सतराव्याखाली शिरला,
एक तुटलेली पिन घेऊन बाहेर आला,
करंगळीएवढी,
आणि ती खिशात टाकून म्हणाला, "मुलीला दाखवेन."

थोड्या वेळाने तीच बाई चढ चढून आली.
नाव त्सियाला. हातात फडक्यात बांधलेली लोबियानी,
इतकी गरम की फडक्यातूनही चटका बसावा.
तक्रार करायला आली होती.
तुमच्या आवाजाने कोंबड्या बिथरल्या म्हणाली,
अजून किती फेऱ्या आहेत?
"दोन," मी म्हणाले.
तिने मान हलवली, आमचे काळे हात पाहिले,
फडकं सोडलं.

सांगणार होते तिला.
पण तोंडात घास होता,
आणि ती केव्हाच माघारी वळली होती,
उजवा पाय जरा ओढत,
डाव्याने त्याला सांभाळून घेत.